मेक्सिकोची तालावेरा: कथलाच्या पांढऱ्या झिलईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चाकावर मातीकाम करते आणि थोडंफार शिकवतेही. वर्गातल्या कपाटात मेक्सिकोच्या पुएब्ला शहरातली एक छोटी थाळी आहे. नवा विद्यार्थी आला की ती उचलतो, उलटी करून बघतो आणि हमखास काहीतरी विचारतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो भाग मला जवळचा आहे.

तालावेरा म्हणजे नेमकं काय?

लाल-तपकिरी मातीचं भांडं, त्यावर कथिल घातलेली दाट पांढरी झिलई, आणि त्या झिलईवर हाताने केलेलं रंगकाम. निळा रंग सर्वांत मानाचा. मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यात आणि शेजारच्या त्लाक्सकाला राज्याच्या एका गावात ही भांडी आणि टाइल्स होतात. नाव स्पेनमधल्या तालावेरा दे ला रेना या गावावरून पडलं. सोळाव्या शतकात ते गाव अशा भांड्यांसाठी स्पेनभर प्रसिद्ध होतं. इटलीत आणि स्पॅनिश भाषिक देशांत या प्रकारच्या भांड्यांना ‘मायोलिका’ म्हणतात. तालावेरा ही त्या मोठ्या कुळातली मेक्सिकोतली शाखा.

कथिल म्हणजे आपल्या कल्हईचंच ना?

हो, तेच. कल्हईवाला तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागर टाकून जे चकचकीत कथिल फिरवतो, तोच हा धातू. फरक असा की कल्हईत कथिल धातूच राहतं. झिलईत मात्र ते आधी भाजून त्याची पांढरी राख केलेली असते. आयुर्वेदातलं वंगभस्म ज्यांनी पाहिलंय त्यांना कल्पना येईल.

साधी शिशाची झिलई काचेसारखी पारदर्शक असते, त्यामुळे खालची लाल माती दिसत राहते. तिच्यात कथलाची राख मिसळली की ती राख काचेत पूर्ण विरघळत नाही. तिचे बारीक कण तसेच तरंगत राहतात, प्रकाश विखुरतात आणि झिलई दुधासारखी पांढरी, अपारदर्शक दिसते. खालची माती झाकली जाते आणि रंगवायला कोरा कागद मिळतो. या पानावरचा बाकीचा सगळा इतिहास त्या कोऱ्या कागदामुळे घडला.

मग ही चिनी माती नाही?

नाही. खरी चिनी माती आतपासून पांढरी असते. केओलिन नावाची पांढरी माती मिसळलेलं ते मिश्रण खूप जास्त तापमानाला भाजतात आणि ती इतकी घट्ट होते की पातळ कपातून उजेड आरपार दिसतो. तालावेराचं भांडं आतून लालसर आणि सच्छिद्रच राहतं. कोपरा उडाला की लगेच कळतं. आपल्या घरातली लोणच्याची बरणीसुद्धा वेगळी. तिला आपण चिनी मातीची म्हणतो, पण ती दगडासारखी घट्ट भाजलेली असते आणि तिच्या झिलईत कथिल नसतं.

जयपूरच्या ब्लू पॉटरीशी तुलना तर प्रत्येक जण करतो, कारण दोन्हीकडे निळं-पांढरं आहे. पण जयपूरच्या भांड्यात नेहमीची कुंभारी माती जवळजवळ नसतेच. त्याचं अंग गारगोटीच्या पिठाचं आणि काचेच्या भुकटीचं. दिसायला बहिणी, पण घराणी वेगळी.

हे तंत्र मुळात कुणाचं?

इराकमधल्या कुंभारांचं. नवव्या शतकात अब्बासी खलिफांच्या काळात चीनहून शुभ्र भांडी समुद्रमार्गे बसरा आणि बगदादला पोहोचली. तिथल्या कुंभारांकडे तशी पांढरी माती नव्हती आणि तेवढा ताव देणारी भट्टीही नव्हती. त्यांनी आपल्या पिवळट मातीवर कथलाची पांढरी झिलई चढवली आणि तिच्यावर कोबाल्ट या धातूच्या रंगाने निळी चित्रं काढली. पांढऱ्यावर निळं ही जोडी आपण आज चीनची समजतो. पण ती इराकमध्ये रुजली त्यानंतर कित्येक शतकांनी चीनने ती मोठ्या प्रमाणावर उचलली.

पुढे हे तंत्र मुस्लिम कारागिरांबरोबर उत्तर आफ्रिकेमार्गे स्पेनमध्ये गेलं, मालागा आणि मानिसेसला बहरलं आणि इटलीत पोहोचलं. तालावेरा दे ला रेनाच्या कुंभारांच्या हातात मुस्लिम स्पेन, इटली आणि फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमकडचा भाग) असे तिन्हीकडचे धडे होते. मेक्सिकोत पोहोचली ती ही शिदोरी.

स्पॅनिश लोक येण्याआधी मेक्सिकोत मातीकाम नव्हतं का?

होतं, आणि उच्च दर्जाचं होतं. पुएब्लाच्या अगदी शेजारच्या चोलुला गावातली रंगीत, घोटून गुळगुळीत केलेली भांडी अ‍ॅझ्टेक दरबारातही मानाची होती. तिथे नव्हत्या त्या दोन गोष्टी: कुंभाराचं फिरतं चाक आणि काचेसारखी खरी झिलई. या दोन गोष्टी स्पॅनिश लोकांनी आणल्या. म्हणून ‘युरोपने मेक्सिकोला मातीकाम शिकवलं’ असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. माती ओळखण्याची नजर, भाजण्याचा अंदाज आणि राबणारे हात बहुतांशी तिथलेच होते.

पुएब्लाच का?

पुएब्ला शहर 1531 मध्ये वसवलं गेलं, तेही व्हेराक्रूझ बंदर आणि मेक्सिको सिटी यांच्या मधल्या वाटेवर. बंदरातून राजधानीकडे जाणारा माल याच बाजूने जायचा. आसपास चांगली माती, पाणी आणि सरपण होतं. शहरात चर्च, मठ, रुग्णालयं भराभर उभी राहत होती आणि त्या सगळ्यांना घुमटांच्या टाइल्सपासून औषधांच्या बरण्यांपर्यंत माल हवा होता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे हे काम सुरू झालं आणि सतराव्या शतकात पुएब्ला या धंद्याचं मुख्य केंद्र बनलं. मेक्सिको सिटीतही मायोलिका होत असे, पण नाव झालं ते पुएब्लाचं.

डोमिनिकन साधूंनी तालावेराहून कुंभार मुद्दाम बोलावून घेतले, ही गोष्ट तिथे सगळीकडे ऐकू येते. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी.

कारागिरांच्या संघाचे नियम काय होते?

1653 मध्ये पुएब्लाच्या कुंभारांच्या संघाची नियमावली तयार झाली. दिएगो साल्व्हादोर कार्रेतो आणि दामियान एर्नांदेस ही त्यामागची नावं आजही सांगितली जातात. मालाच्या तीन प्रती ठरल्या: उत्तम, मध्यम आणि साधा. कुठल्या प्रतीला कसली झिलई आणि कसलं रंगकाम, तेही ठरलं. उस्ताद होण्यासाठी परीक्षा द्यावी लागे. प्रत्येक उस्तादाने मालावर आपली खूण घालायची आणि दुसऱ्याची खूण चोरायची नाही, असाही नियम होता.

आणखी एक नियम होता आणि तो लपवून हा इतिहास सांगता येत नाही. कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय माणसांना उस्तादाच्या परीक्षेला बसण्याची बंदी होती. कार्यशाळेत मात्र राबणारे हात त्यांचेही होते. त्यात गुलाम होते, आसपासच्या गावांतले मूळनिवासीही होते. म्हणून संग्रहालयात एखाद्या बरणीखाली एकाच उस्तादाचं आद्याक्षर दिसलं की मी ते कार्यशाळेचं नाव म्हणून वाचते. रंगवणारा हात कुणाचा होता, ते त्या अक्षरावरून कळत नाही.

निळा रंग चीनमुळे आला का?

निळा स्पेनहूनही आलाच होता. पण पुएब्लाचा निळा खऱ्या अर्थाने फुलला तो चीनमुळे, आणि हा मला सगळ्यांत थरारक वाटणारा भाग आहे.

1565 पासून 1815 पर्यंत, म्हणजे तब्बल अडीचशे वर्षं, फिलिपाइन्समधलं मनिला आणि मेक्सिकोचं आकापुल्को बंदर यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. मेक्सिकोची चांदी तिकडे जायची आणि चीनचं रेशीम, मसाले, निळी-पांढरी भांडी इकडे यायची. आकापुल्कोला उतरलेला माल खेचरांच्या पाठीवरून डोंगर चढून राजधानीत यायचा, आणि स्पेनला जाणारा भाग व्हेराक्रूझच्या वाटेला लागायचा. पुएब्ला त्या वाटेवरच होतं.

चिनी भांड्यांची नक्कल करायला बसऱ्याच्या कुंभारांनी जे तंत्र शोधलं, ते पश्चिमेकडे सरकत अटलांटिक ओलांडून पुएब्लाला आलं. ज्या भांड्यांची नक्कल होती, ती चिनी भांडी पूर्वेकडे सरकत पॅसिफिक ओलांडून त्याच गावात येऊन ठेपली. नक्कल आणि अस्सल दोन्ही पृथ्वीला विरुद्ध दिशांनी वळसा घालून एकाच बाजारात समोरासमोर उभी राहिली. पुएब्लाचे कुंभार ती भांडी हातात घेऊन बघत होते. 1682 च्या सुधारित नियमांत तर उत्तम प्रतीच्या मालात चिनी भांड्यांचं अनुकरण करावं आणि निळा भरपूर वापरावा असंच आलं.

पण हे अनुकरण बघताना मजा येते. आकार चिनी बरणीचा, तिच्यावर करकोचे, पॅगोडा, लांब झग्यातली माणसं, आणि शेजारीच निवडुंग. निळा इतका दाट लावलेला की बोट फिरवलं तर ठिपके उंचवट्यासारखे हाताला लागतात. चीनमध्ये असा हात नाही आणि स्पेनमध्येही नाही. नक्कल करायला बसलेल्या माणसाने स्वतःचं काहीतरी करून ठेवलं, त्याचा पुरावा ते ठिपके आहेत.

भारताशी काही संबंध?

भांड्यांचा थेट नाही. त्या वाटेचा मात्र आहे. सतराव्या शतकात कातारिना दे सान हुआन नावाची स्त्री पुएब्लात राहत होती. ती मूळची भारतातली. लहानपणी पोर्तुगीज गुलामविक्यांनी तिला पळवलं, कोचीनला तिचा बाप्तिस्मा झाला, मनिलात ती विकली गेली आणि तिथून आकापुल्कोमार्गे पुएब्लात आली. आशियातून आलेल्या सगळ्यांनाच तिथे ‘चिनो’ म्हणत, म्हणून तीही ‘चिना’ ठरली. 1688 मध्ये ती वारली तेव्हा शहर तिला संतासारखं मानत होतं. चिनी बरण्या आणि ही बाई एकाच व्यापारी वाटेने आल्या. बरण्यांचं कौतुक करताना हे विसरू नये असं मला वाटतं.

गोव्याचा धागा दुसऱ्या बाजूने येतो. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचं ते 1935 चं काम. पोर्तुगालच्या अझुलेजो टाइल्सची परंपरा याच कथिल-झिलईच्या कुळातली, म्हणजे पुएब्लाच्या टाइल्सची चुलत बहीण. ‘अझुलेजो’ हा शब्द निळ्यावरून आला असं वाटतं, पण मूळ अरबी आहे. त्याचा अर्थ घोटलेला छोटा दगड.

तालावेरा बनते कशी?

दोन माती लागतात. एक काळसर, पारंपरिकरीत्या पुएब्लाच्या लोरेतो आणि ग्वादालूपे टेकड्यांच्या बाजूची, आणि दुसरी लालसर. दोन्ही पाण्यात कालवून, गाळून, मुरायला ठेवतात. जितकी मुरेल तितकी मऊ, हे आपल्याकडच्या कुंभारांनाही सांगावं लागत नाही. मग चिखल पायाने तुडवायचा, हवा काढायची आणि चाकावर किंवा साच्यात आकार द्यायचा. वाळवण सावलीत आणि सावकाश. घाई केली की तडा.

पहिली भाजणी साधारण 850 अंश सेल्सिअसला. भांडं विटकरी रंगाचं होऊन बाहेर येतं. ठोकून आवाज ऐकतात, तडा असेल तर आवाज बद्द येतो. मग ते झिलईच्या पातळ दुधात बुडवतात. सच्छिद्र माती पाणी पिऊन टाकते आणि वर भुकटीचा पांढरा थर बसतो.

खरी परीक्षा इथून पुढे. तो थर भाजलेला नसतो, चेहऱ्याला लावलेल्या पावडरीसारखा नुसता बसलेला असतो. कुंचला टेकला की रंगातलं पाणी क्षणात शोषलं जातं. हात थांबला तर डाग, घासला तर थर उखडतो. रांगोळीची रेघ चुकली तर बोटाने पुसता येते, इथे ती सोय नाही. मी पहिल्यांदा असं रंगवलं तेव्हा एक साधी वेल काढायची होती आणि सहाव्या पानाला कुंचल्याच्या टोकाने झिलईचा पापुद्राच उचलला. शिवाय कोबाल्ट कच्चा असताना निळा दिसत नाही, काळपट दिसतो. रंगवणाऱ्याने भट्टीतून निघणारा रंग मनात धरून काम करायचं. पुएब्लातले लोक खेचराच्या केसांचे कुंचले पारंपरिकरीत्या वापरत आले आहेत. लांब, पाणी धरून ठेवणारे, एका दमात रेघ ओढणारे.

निळ्याशिवाय पिवळा, हिरवा, नारिंगी, जांभळट आणि काळा हे रंग चालतात, सगळे धातूंपासून केलेले. दुसरी भाजणी हजार अंशांच्या थोडी वर. त्यात झिलई वितळते आणि रंग तिच्यात उतरतात. पूर्वी या भट्ट्या लाकडावर चालायच्या, आज गॅसवर.

घरांच्या भिंतींवर टाइल्स का?

हौस, श्रीमंती आणि सोय. पुएब्लात लाल विटा आणि त्यांच्यामध्ये बसवलेल्या रंगीत टाइल्स असे दर्शनी भाग रस्तोरस्ती दिसतात. चोलुलाजवळच्या सान फ्रान्सिस्को आकातेपेक चर्चचा तर संपूर्ण दर्शनी भाग टाइल्सनी मढवलेला आहे. सांता रोसा मठाचं स्वयंपाकघर जमिनीपासून छतापर्यंत टाइल्सचं आहे. मोले पोब्लानो हा मिरच्या, मसाले आणि चॉकलेटचा प्रसिद्ध रस्सा तिथेच पहिल्यांदा शिजला, अशी आख्यायिका आहे.

मेक्सिको सिटीतला ‘टाइल्सचा वाडा’ अठराव्या शतकात ओरिसाबाच्या काउंट घराण्याने असा मढवला. ‘तुझ्या हातून कधी टाइल्सचं घर व्हायचं नाही’ असं बापाने उधळ्या मुलाला सुनावलं आणि त्याने ते करून दाखवलं, अशी गोष्ट सांगतात. आज त्या वाड्यात उपाहारगृह आहे आणि आतल्या जिन्यावर ओरोस्को या मेक्सिकन चित्रकाराचं 1925 चं भित्तिचित्र आहे.

मग हे काम मागे का पडलं?

1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला. त्याच सुमारास कारागिरांच्या संघांचा जोर संपला आणि बाजार परदेशी मालाला खुला झाला. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरची कारखान्यात छापलेली, हलकी, स्वस्त भांडी आली. हाताने रंगवलेलं जड भांडं त्यांच्यापुढे टिकेना. एकोणिसाव्या शतकात कार्यशाळा एकेक करून बंद पडल्या.

पुन्हा उभं कसं राहिलं?

1897 मध्ये एनरिके व्हेंतोसा नावाचा कॅटलान (स्पेनच्या कॅटलोनिया भागातला) माणूस पुएब्लात आला आणि या कामाच्या प्रेमात पडला. त्याने जुन्या नक्षींचा अभ्यास केला, प्राचीन मेक्सिकोच्या आकृत्याही आणल्या आणि उरिआर्ते कार्यशाळेच्या इसाउरो उरिआर्तेबरोबर काम केलं. 1824 ची ही कार्यशाळा आजही चालू आहे. 1908 मध्ये एडविन अ‍ॅटली बार्बर या अमेरिकन अभ्यासकाने मेक्सिकोच्या मायोलिकावर पुस्तक लिहिलं आणि बाहेरचे संग्राहक शोधत येऊ लागले. मेक्सिकोतल्याच ग्वानाहुआतोकडे मायोलिकाची वेगळी परंपरा होती. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोर्की गोन्सालेस यांनी पुन्हा उभी केली.

2019 मध्ये युनेस्कोने पुएब्ला-त्लाक्सकालाची तालावेरा आणि स्पेनमधल्या तालावेरा दे ला रेना व एल पुएंते देल आर्सोबिस्पो इथली भांडी घडवण्याची प्रक्रिया मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत एकत्र घेतली. आई-लेकीचं नाव एकाच ओळीत आलं याचा मला फार आनंद झाला.

बाजारात ‘तालावेरा’ म्हणून मिळतं ते सगळं खरं असतं का?

नाही. 1990 च्या दशकापासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, आपल्या पैठणीला किंवा कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे तसं. पुएब्ला, आत्लिस्को, चोलुला, तेकाली आणि त्लाक्सकालातलं सान पाब्लो देल मोंते इथल्या, तपासणी झालेल्या कार्यशाळांनाच ते वापरता येतं. दोलोरेस इदाल्गोसारख्या गावांत होणारा झगझगीत माल सुंदर असू शकतो, पण त्याला तालावेरा म्हणता येत नाही.

हातात घेतल्यावर बघायचं ते असं. पांढरा रंग कागदासारखा पांढरा नसतो, सायीसारखा असतो. निळा किंचित वर आलेला लागतो. झिलईत बारीक जाळी किंवा टाचणीच्या टोकाएवढी भोकं असू शकतात. भांडं उलटं केलं की बुडाच्या कडेला झिलई संपते आणि मातीची उघडी लालसर कड दिसते. तिथेच कार्यशाळेचं नाव आणि रंगवणाऱ्याची आद्याक्षरं हाताने लिहिलेली असतात. माझ्या थाळीच्या बुडावर दोन अक्षरं आहेत, दुसऱ्याची शेपटी जरा लांब ओढलेली.

यात जेवायला चालतं का?

जुन्या किंवा ओळख नसलेल्या भांड्यात नको. पारंपरिक झिलईत कथलाबरोबर शिसं असतं आणि मेक्सिकोत शिशाच्या झिलईच्या, कमी भाजलेल्या भांड्यांमधून शिसं अन्नात उतरण्याचा प्रश्न मोठा आहे. लिंबू, चिंच, ताक, लोणचं यांमुळे ते जास्त पाझरतं. शिसं आणि कॅडमियम किती पाझरावं याचं सरकारी मानक आता तिथे आहे, आणि ते पाळणारी प्रमाणित भांडी जेवणासाठी विकली जातात. विकत घेताना विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर भांडं भिंतीवर लावा.

एकच वस्तू बघायची असेल तर कोणती?

चॉकलेटची बरणी. मेक्सिको सिटीतलं फ्रांस मायर संग्रहालय, पुएब्लातलं होसे लुईस बेयो संग्रहालय आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम इथे पुएब्लाच्या मायोलिकाचे चांगले संग्रह आहेत. अमेरिकेतल्या मराठी घरांना यातलं शेवटचं जवळ पडेल. त्या काळात कोको मौल्यवान होता, म्हणून काही बरण्यांच्या तोंडाला लोखंडी पट्टी, त्यावर लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप बसवलेलं असे. आपल्या आज्या तुपाच्या कपाटाची किल्ली कमरेला लावायच्या तसं. बरणीचा आकार चीनचा, झिलई इराकची, हात पुएब्लाचा आणि आतला कोको अमेरिका खंडाच्या मातीतला. जवळ जाऊन गळ्यापाशी बघा. लोखंड जिथे झिलईला घासायचं तिथे पांढरा थर झिजतो आणि खालची लाल माती डोकावते.